नायलॉनमधील मास्टरबॅच: दोन टक्के काळ्या रंगाने क्लिपा का तुटल्या?

साचेकार

नमस्कार. भोसरीत आमचा इंजेक्शन मोल्डिंगचा लहान कारखाना आहे. वाहनांच्या वायरिंगला लागणाऱ्या नायलॉन ६६ च्या क्लिपा आम्ही गेली बारा वर्षे बनवत आहोत. कच्चा माल रंगहीन दाण्यांच्या रूपात येतो आणि त्यात आम्ही दोन टक्के काळा मास्टरबॅच (‘वाहक’ प्लास्टिकमध्ये दाट मुरवलेल्या रंगाचे दाणे) मिसळतो, म्हणजे पंचवीस किलोच्या पोत्याला अर्धा किलो. यंदा जूनमध्ये नेहमीच्या पुरवठादाराकडे माल शिल्लक नव्हता, म्हणून दुसरीकडून घेतला. पोत्यावर ‘सर्व प्लास्टिकसाठी उपयुक्त’ असे छापलेले होते. रंग गडद आला, चकाकीही चांगली आली, आणि तीन आठवड्यांनी ग्राहकाची तक्रार आली की जोडणी करताना क्लिपेची पातळ बिजागरी तुटते.

पावसाळा सुरू असल्याने आम्ही साहजिकच ओलाव्यावर संशय घेतला. ड्रायर तपासला, बॅरलचे तापमान कमी-जास्त करून पाहिले, दाणा कोरडा हवा असला तरी तयार भाग थोडे पाणी शोषून लवचीक होतो, म्हणून क्लिपा गरम पाण्यात ठेवून त्यांना ओलावाही देऊन पाहिला, तरी बिजागरी तुटतच राहिली. शेवटी तुटलेली जागा भिंगाखाली धरली, तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटलेले दिसले. त्या संध्याकाळी जुन्या आणि नव्या मास्टरबॅचचे दाणे १६० अंशांवर तापवलेल्या पत्र्यावर शेजारी शेजारी ठेवले. जुने दाणे होते तसेच राहिले, नवे मात्र दोन मिनिटांत मऊ होऊन दाबाखाली चपटे झाले. नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतो आणि नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना, त्यामुळे नव्या मालात रंग ज्या प्लास्टिकमध्ये मुरवला आहे ते नायलॉन नाही एवढे स्पष्ट झाले. पुढे प्रयोगशाळेने ते पॉलिथिलीन असल्याचे कळवले.

दोष आमचाच आहे, कारण घेताना आम्ही वाहक कोणता हे विचारले नाही. मास्टरबॅचमध्ये ३० टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखे काळे रंगद्रव्य) आणि उरलेला वाहक धरला, तर क्लिपेत पॉलिथिलीनचे प्रमाण जेमतेम १.४ टक्के होते. एवढ्याशा भागाने एवढा फरक कसा पडतो, आणि पुढच्या वेळी पुरवठादाराला नेमके काय विचारावे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. याच प्रसंगातून गेलेल्या इतर लघुउद्योजकांनाही ते उपयोगी पडेल.

बहुवारिक

साचेकार, तुम्ही तापलेल्या पत्र्यावर केलेली चाचणी योग्य होती आणि ती प्रत्येक नव्या पोत्यावर करण्यासारखी आहे. एक सावधगिरी सांगतो. दाणा पाण्यात टाकून तो तरंगतो का हे पाहणारे बरेच जण असतात. नुसते पॉलिथिलीन तरंगते हे खरे, पण त्यात ३० टक्के कार्बन ब्लॅक असेल तर दाण्याची घनता १.०७ च्या आसपास जाते आणि तो नायलॉनसारखाच बुडतो. त्यामुळे काळ्या मास्टरबॅचसाठी ती चाचणी फसवी आहे.

आता १.४ टक्क्यांबद्दल. नायलॉनच्या साखळ्या ध्रुवीय असतात आणि अमाइड गटांमधील हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून राहतात. पॉलिथिलीन अध्रुवीय आहे. दोन्ही वितळलेल्या अवस्थेत एकत्र ढवळली तरी मिसळत नाहीत आणि पॉलिथिलीनचे सूक्ष्म थेंब वेगळेच राहतात. प्रवाह जिथे अरुंद वाटेतून वेगाने जातो, तिथे हे थेंब ताणले जाऊन पापुद्रे बनतात. तुमच्या क्लिपेची बिजागरी हीच ती अरुंद वाट. जाड भागात हाच दोष कदाचित कधीच दिसला नसता. दोन प्रवाह समोरासमोर येऊन जुळतात त्या रेषेवरही असेच होते, म्हणून भारित भागात वेल्ड लाइन कुठे पडते हे पाहूनच वाहकाविषयी तडजोड करावी की नाही ते ठरवावे. माझे मत विचाराल तर भार घेणाऱ्या नायलॉनच्या भागात अशी तडजोड करूच नये.

नायलॉन ६६ साठीसुद्धा बहुतेक मास्टरबॅच नायलॉन ६ च्या वाहकात बनवतात. दोन्ही एकमेकांत चांगले मिसळतात आणि नायलॉन ६ कमी तापमानाला वितळत असल्याने रंग लवकर पसरतो, त्यामुळे पुरवठादाराने नायलॉन ६ सांगितले तर शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यावी ती ईव्हीए (एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट) या प्लास्टिकच्या वाहकाची. त्यात रंगद्रव्य खूप मावते म्हणून तो स्वस्तात पडतो, परंतु नायलॉन ६६ च्या तापमानात तो टिकत नाही. त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, मशीनजवळ व्हिनेगरसारखा वास येतो आणि स्क्रू व बॅरलची झीज वाढते.

वाहकाइतकाच महत्त्वाचा प्रश्न रंगद्रव्याचा आहे आणि तिथे नायलॉन इतर प्लास्टिकांहून फार वेगळा वागतो. वितळलेला नायलॉन हे रासायनिक दृष्ट्या क्षपणकारी, म्हणजे समोरच्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देऊन त्याची रचना बदलणारे, माध्यम आहे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये सुरेख दिसणारी कित्येक सेंद्रिय रंगद्रव्ये, विशेषतः ॲझो वर्गातील पिवळी आणि तांबडी, २८० अंशांच्या नायलॉनमध्ये काही मिनिटांत फिकी पडतात किंवा तपकिरी होतात. पिवळ्या आयर्न ऑक्साइडमध्ये बांधलेले पाणी असते. ते सुमारे १८० अंशांच्या पुढे निघून जाऊ लागते आणि पिवळा रंग तांबडा होतो. तांबडा आयर्न ऑक्साइड मात्र टिकतो. टायटॅनियम डायऑक्साइड, कार्बन ब्लॅक, अल्ट्रामरीन, कोबाल्ट निळा, निकेल आणि क्रोम टिटॅनेटचे पिवळे ही विश्वासू मंडळी आहेत. यांत भडक, झळाळणारा पिवळा किंवा नारिंगी नाही. पूर्वी ती जागा कॅडमियमची रंगद्रव्ये भरून काढत. युरोपात घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा आरओएचएस नियम १ जुलै २००६ पासून लागू झाल्यावर विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांमध्ये कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्का ठरली आणि तो मार्ग बंद झाला. म्हणून एखादा ग्राहक पॉलिप्रॉपिलीनचा नमुना हातात देऊन ‘हाच नारिंगी नायलॉनमध्ये द्या’ असे म्हणतो, तेव्हा होकार देण्याआधी थांबावे.

सातपूरकर

वरील विवेचनाला कारखान्यातील अनुभवाची जोड देतो. नाशिकला आम्ही नायलॉन ६ चे विद्युत जोडणीचे भाग बनवतो आणि आमच्याकडे मास्टरबॅचमुळे झालेला सर्वांत मोठा घोळ ओलाव्याचा होता.

मुख्य दाणा सर्वजण काळजीने वाळवतात. मास्टरबॅचचे पोते मात्र मशीनशेजारी उघडे पडलेले असते, कारण ‘दोन-तीन टक्के तर घालायचे आहे’ असा समज असतो. हिशेब करून पाहा. नायलॉन वाहकाच्या मास्टरबॅचने पावसाळ्यात दोन टक्के पाणी शोषले आणि तो तीन टक्के प्रमाणात घातला, तर एकूण मालात ०.०६ टक्का पाणी केवळ त्यातून येते. मोल्डिंगसाठी सर्वसाधारण मर्यादा ०.२ टक्का आहे, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा त्या उघड्या पोत्याने खाल्ला. वितळलेल्या अवस्थेत हे पाणी अमाइड बंध तोडते, साखळ्या आखूड होतात, माल पातळ होऊन नोझलमधून गळतो आणि पृष्ठभागावर चंदेरी रेघा उमटतात. रेघा दिसल्या तर निदान कळते तरी. रेघा न दिसता भाग ठिसूळ होतो, तो प्रकार जास्त घातक आहे.

ड्रायरविषयीही लिहितो. पुण्या-नाशिकच्या पावसाळी हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते; तो जितका खाली तितकी हवा कोरडी) वीस ते पंचवीस अंशांदरम्यान असतो. साधा हॉपर ड्रायर ती हवा ८० अंशांपर्यंत तापवतो, पण तिच्यातील पाणी तेवढेच राहते. अशा हवेने नायलॉन ०.२ टक्क्यांखाली नेणे फार कठीण जाते, मग तुम्ही सहा तास ठेवा की दहा. उणे ३० ते उणे ४० अंश दवबिंदू देणारा डिह्युमिडिफायिंग ड्रायर, ८० अंश तापमान आणि चार ते सहा तास, हे आमचे ठरलेले प्रमाण आहे. घाईत तापमान १०० च्या वर नेले तर हवेतील ऑक्सिजनमुळे दाणा पिवळा पडतो, आणि मग पांढरा किंवा फिका निळा रंग मास्टरबॅच बरोबर असूनही चुकतो. अति वाळवलेला माल घट्ट होतो आणि बारीक भाग भरत नाहीत, हेही आम्ही पाहिले आहे.

मास्टरबॅच आता आम्ही मुख्य दाण्यासोबतच वाळवतो. ड्रममध्ये हाताने फिरवून मिसळणे सोडून वजनावर चालणारा डोसर बसवल्यापासून एका शिफ्टमधील आणि दुसऱ्या शिफ्टमधील छटेचा फरक जवळजवळ संपला. ड्रममध्ये मिसळलेला माल हॉपरपर्यंत नेताना जड आणि हलके दाणे पुन्हा वेगळे होत असत, हे आम्हाला फार उशिरा लक्षात आले.

साचेकार

दोघांचेही मनापासून आभार. ०.०६ टक्क्याचा हिशेब मी उद्याच फलकावर लिहून ठेवणार आहे. बहुवारिक, आमचा जुना पुरवठादार दोन प्रकारचे काळे मास्टरबॅच देतो. एक कार्बन ब्लॅकचा आणि दुसरा निग्रोसिनचा. दुसऱ्याने भाग अधिक चकाकतो असे तो म्हणतो. क्लिपेसाठी कोणता घ्यावा?

बहुवारिक

या दोघांतील फरक केवळ चकाकीचा नाही. कार्बन ब्लॅक हे न विरघळणारे रंगद्रव्य आहे. त्याचे कण नायलॉनच्या स्फटिकीकरणाला बीज पुरवतात, त्यामुळे भाग लवकर घट्ट होतो आणि आवर्तनाचा वेळ वाचतो, परंतु काचतंतू असलेल्या मालात तंतू पृष्ठभागावर उघडे दिसतात. निग्रोसिन हा नायलॉनमध्ये विरघळणारा रंजक आहे. तो उलट स्फटिकीकरण मंदावतो. माल साच्याच्या भिंतीवर थोडा उशिरा गोठतो, तंतू नायलॉनखाली झाकले जातात आणि पृष्ठभाग आरशासारखा येतो. स्फटिकीकरण बदलले की आकुंचनही बदलते. एकाच साच्यातून काढलेले रंगहीन, कार्बन ब्लॅकचे आणि निग्रोसिनचे भाग गेजवर वेगवेगळे बसले तर साच्याला दोष देऊ नये.

निवड उपयोगावरून करावी. भाग उन्हात राहणार असेल तर कार्बन ब्लॅकला पर्याय नाही, कारण तो अतिनील किरण स्वतः शोषून घेतो. त्यासाठी साधारण २० नॅनोमीटरच्या आसपासचे बारीक कण आणि भागात सुमारे दोन टक्के कार्बन लागतो. तुमच्या ३० टक्क्यांच्या मास्टरबॅचचे दोन टक्के घातले तर भागात फक्त ०.६ टक्का कार्बन जातो. रंग काळाभोर दिसतो, पण उन्हापासून पुरते संरक्षण मिळत नाही. केबल बांधण्याचे पट्टे ‘काळे आहेत म्हणजे बाहेर चालतील’ असे समजून विकले जातात आणि दोन उन्हाळ्यांत तुटतात, त्यामागे बहुधा हाच हिशेब असतो. तुमची क्लिप वाहनाच्या आत, झाकलेल्या जागी असेल तर ०.६ टक्का पुरेसा आहे. बिजागरी वारंवार वाकणार असल्याने कार्बनचे पसरणे उत्तम असलेला मास्टरबॅच घ्या. कार्बनची न फुटलेली गुठळी पातळ भागात भेगेची सुरुवात ठरते. पुरवठादाराकडे मास्टरबॅचची पातळ पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचा अहवाल मागता येतो.

दर्याकिनारी

मी रत्नागिरीचा आहे आणि आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीत आहे. उन्हात वाळत घातलेली नायलॉनची जाळी लवकर कमजोर होते हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून ती सावलीत किंवा ताडपत्रीखाली ठेवण्याची पद्धत आहे. रंगीत जाळे पांढऱ्यापेक्षा जास्त टिकते असे जुने लोक सांगत. त्यात तथ्य आहे का?

बहुवारिक

तथ्य आहे, मात्र ते कोणत्या पांढऱ्याबद्दल आणि कोणत्या रंगाबद्दल बोलतो यावर अवलंबून आहे. तंतूची चमक घालवण्यासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, अर्धमंद चमकीसाठी साधारण ०.३ टक्का आणि पूर्ण मंद तंतूसाठी दीड ते दोन टक्के. तंतूत यासाठी त्याचे ॲनाटेज हे रूप वापरतात, कारण ते रुटाइल या दुसऱ्या रूपापेक्षा मऊ असल्याने सूत ओढताना मार्गदर्शक खुंट्यांची झीज कमी होते. अडचण अशी की ॲनाटेज सूर्यप्रकाशात उत्प्रेरकासारखे काम करते आणि भोवतालच्या नायलॉनच्या साखळ्या तोडायला मदत करते. त्यामुळे विशेष प्रक्रिया न केलेला मंद पांढरा तंतू उन्हात चमकदार तंतूपेक्षाही आधी खचतो.

रंगाच्या दोन पद्धती आहेत. तयार सूत रंगाच्या पाण्यात बुडवता येते. नायलॉनच्या साखळीच्या टोकांना अमाइन गट असतात आणि आम्लधर्मी रंजक त्यांना धरून बसतात. दुसरी पद्धत म्हणजे सूत ओढण्यापूर्वीच वितळलेल्या मालात मास्टरबॅच मिसळणे. यात रंग तंतूच्या आरपार असतो आणि समुद्राच्या पाण्याने तो धुऊन जात नाही. मात्र सुताच्या मास्टरबॅचला फार बारीक गाळणी लागते, कारण तंतूची जाडी काही दशक मायक्रॉन आणि त्यात एक मोठा कण आला तरी तो तिथेच तुटतो. मोल्डिंगसाठी बनवलेला मास्टरबॅच सुतासाठी वापरता येत नाही तो याच कारणाने. रंगासोबत प्रकाशस्थिरक घातले असेल तर जाळे निश्चित जास्त टिकते. तरीही सावलीत ठेवण्याची आपली पद्धत सोडू नये.

अन्नपूर्णा_सांगली

धाग्याचा विषय कारखान्याचा आहे याची जाणीव आहे, तरीही विचारते. नॉनस्टिक तव्यासाठी आम्ही जो काळा उलथणा वापरतो तो नायलॉनचाच असतो. त्यातील काळा रंग अन्नात उतरतो का?

रंगपरीक्षक

ताई, प्रश्न विषयाला धरूनच आहे, कारण रंग निवडताना उत्पादकाने याच गोष्टीचा विचार आधी करायला हवा. कार्बन ब्लॅक न विरघळणारा असल्याने तो स्वतः नायलॉनमधून बाहेर येत नाही. चिंता असते ती प्राथमिक ॲरोमॅटिक अमाइन या वर्गातील पदार्थांची. चीन आणि हाँगकाँगमधून येणाऱ्या नायलॉनच्या स्वयंपाकघरातील वस्तूंत ते मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपीय संघाने २०११ मध्ये २८४ क्रमांकाचा स्वतंत्र नियम केला. अशा मालासोबत चाचणी अहवाल सक्तीचा केला आणि हे अमाइन अन्नाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या शोधमर्यादेपर्यंत आढळता कामा नयेत असे ठरवले. ॲनिलिनपासून बनणारे निग्रोसिन म्हणूनच अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूत वापरू नये.

आपल्याकडे अन्न, औषधे आणि पिण्याच्या पाण्याच्या संपर्कातील प्लास्टिकमध्ये कोणती रंगद्रव्ये चालतील याची यादी आयएस ९८३३ या मानकात आहे, आणि प्लास्टिकमधून एकूण किती पदार्थ उतरतो याची चाचणी आयएस ९८४५ प्रमाणे होते. घरात इतके पाळावे की उलथणा तापलेल्या कढईत टेकवून ठेवू नये. कडा वितळलेली, खरखरीत झालेली असेल तर तो बदलावा.

साचेकारांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही पुढे काचतंतूयुक्त नायलॉनमध्ये पांढरे किंवा फिके भाग घेणार असाल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइडचे कण काचेइतकेच कठीण असतात. स्क्रूमध्ये घुसळताना ते काचतंतूंना ओरखडतात आणि तंतू आखूड होतात. रंग पांढराशुभ्र येतो आणि ताकद घटते. झिंक सल्फाइड बरेच मऊ आहे, त्यामुळे तिथे ते वापरतात, जरी पांढरेपणासाठी त्याचे प्रमाण जास्त घालावे लागते. शिवाय काच नसलेला मास्टरबॅच चार टक्के घातला की ३० टक्के काचेचा माल २८.८ टक्क्यांवर येतो. हा फरक लहान वाटतो, पण ज्या भागाची ताकद आधीच मर्यादेच्या काठावर आहे त्याला तो पुरतो.

साचेकार

एका नव्या ग्राहकाला रंगहीन नायलॉन ६६ मध्ये ज्वालारोधक आणि उष्णतास्थिरक दोन्ही मास्टरबॅचच्या स्वरूपात मिसळून, निळ्या रंगात, व्ही-० दर्जाचा (ज्योत दूर करताच लवकर विझणारा) टर्मिनल ब्लॉक, म्हणजे तारा जोडण्याचा ठोकळा, हवा आहे. हे तीन मास्टरबॅच एकत्र चालतील का?

रंगपरीक्षक

चालू शकतील, परंतु मी स्वतः हा मार्ग सुचवणार नाही. काच नसलेल्या नायलॉनमध्ये मेलामाइन सायन्युरेट चांगले काम करते आणि ते पांढरे असल्याने निळा रंग मिळू शकतो. व्ही-० साठी ते भागात साधारण सहा ते दहा टक्के लागते. निम्म्या तीव्रतेचा मास्टरबॅच घेतला तर बारा ते वीस टक्के घालावा लागेल, आणि मोल्डिंग मशीनचा आखूड स्क्रू एवढे चूर्ण समान पसरवू शकत नाही. एका भागात आठ टक्के आणि पुढच्या भागात पाच टक्के गेले तर आगीच्या चाचणीत पहिला पास होईल आणि दुसरा जळेल. असा भाग घराच्या विद्युत फलकात बसणार आहे. ज्वालारोधक आधीच कंपाउंड केलेला, म्हणजे नायलॉनमध्ये वितळवून एकजीव केलेला, दाणा घ्या आणि रंगाचाच मास्टरबॅच वेगळा घाला. तो रंग घातल्यानंतर भागाची चाचणी पुन्हा करा, कारण यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेच्या यादीत मान्यता अनेकदा विशिष्ट रंगापुरती असते. लाल फॉस्फरसचा माल निळ्यासाठी अर्थातच बाद आहे, कारण त्याचा स्वतःचा रंग झाकला जात नाही.

उष्णतास्थिरकाबद्दल बोलायचे तर कॉपर आयोडाइड आणि पोटॅशियम आयोडाइडची जोडी सतत १२० अंशांच्या वर राहणाऱ्या इंजिनजवळच्या भागांसाठी उत्तम आहे. टर्मिनल ब्लॉकमध्ये धातूचे संपर्कबिंदू असतात आणि या आयोडाइडसारख्या हॅलाइड क्षारांमुळे तिथे गंज धरण्याचा धोका असतो. शिवाय या जोडीची छटा फिक्या निळ्याला मळकट करते. तिथे फिनॉलिक स्थिरकच योग्य.

साचेकार

सर्वांच्या सूचनांनंतर काय केले ते नोंदवून ठेवतो. नायलॉन ६ वाहक आणि ३० टक्के कार्बन ब्लॅक असलेला मास्टरबॅच घेतला. मुख्य दाण्यासोबत ८० अंशांवर पाच तास वाळवला आणि स्क्रूचा पाठदाब थोडा वाढवला, जेणेकरून रंग नीट पसरावा. पहिल्या पाच हजार क्लिपांमधून दोनशे काढून प्रत्येकीची बिजागरी दहा वेळा वाकवली. एकही तुटली नाही आणि तुटेपर्यंत वाकवलेल्या काही क्लिपांत पापुद्रे दिसले नाहीत. ग्राहकाने तो लॉट स्वीकारला आहे. ज्वालारोधक भागासाठी कंपाउंड केलेल्या दाण्याचाच दर मागवला आहे.

जुन्या सदोष लॉटचे रनर (साच्यात माल नेणाऱ्या वाटांमध्ये गोठलेले तुकडे) दळून ठेवले होते, ते सुमारे नव्वद किलो आहे. ऑपरेटर ते दहा-दहा टक्क्यांनी चांगल्या मालात संपवू या असे म्हणत होता. तसे केले तर तेच पॉलिथिलीन पुन्हा क्लिपेत जाईल, म्हणून ती पोती लाल पट्टी बांधून वेगळी ठेवली आहेत आणि भार न घेणाऱ्या वस्तू बनवणाऱ्या एका कारखानदाराला, त्यात काय आहे ते लेखी सांगून, या आठवड्यात देत आहोत.